भिंतीचा रंग दुकानात ठरवू नका

घर रंगवायचा विषय निघाला की घरातली सगळी माणसे बोलू लागतात. पण प्रत्यक्ष रंग ठरवायची वेळ येते तेव्हा बहुतेक घरांत एकच माणूस दुकानात जातो, शेडकार्डावर बोट ठेवतो आणि डबे घेऊन येतो. ज्याच्या हातात पैसे, त्याच्या पसंतीचा रंग. पुढची सात-आठ वर्षे मात्र त्या भिंतींच्या आत दिवस काढायचे असतात ते दुसऱ्याच कोणाला तरी. दिवसभर घरात वावरणारी सून, पलंगावर तस्बीह फिरवत बसणारी दादी, रात्री उशिरापर्यंत पुस्तकात डोके घालून बसणारी मुलगी, यांना कोणी विचारलेलेच नसते.

कोणता रंग सुंदर, हे आम्ही या पानावर सांगणार नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे. मनात असलेल्या दोन-चार रंगांची तुलना कशी करावी, एवढेच सांगायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की रंग डब्यात नसतो, तो खोलीतल्या उजेडात असतो. म्हणून तो त्याच खोलीत, तिथे राहणाऱ्या माणसांना सोबत घेऊन पाहावा आणि मगच ठरवावा. रंगकामात मजुरी, लांबी, प्रायमर आणि घर आवरण्याची दगदग हा मोठा खर्च असतो. फिकट रंगांपैकी हा घेतला काय आणि तो घेतला काय, पैशांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो राहण्यात.

शेडकार्ड काय सांगत नाही

मॅचिंगच्या दुकानात गेलेली बाई ओढणीचे कापड हातात आले की दिव्याखाली पाहून समाधान मानत नाही. ती कापड घेऊन दुकानाच्या दारापर्यंत येते आणि उन्हात धरून पाहते. दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर येताच वेगळे दिसू शकतात, हे तिला अनुभवाने माहीत असते. दोन मीटर कापडासाठी आपण एवढी काळजी घेतो आणि सबंध खोलीसाठी मात्र दुकानातल्या दिव्याखाली, बोटाएवढ्या चौकोनावर विश्वास टाकतो.

त्या छोट्या चौकोनात आणखीही अडचणी असतात. त्याच्या भोवती पांढरा कागद असतो आणि शेजारी दुसऱ्या रंगांची गर्दी असते, त्यामुळे डोळ्याला तो आहे तसा दिसत नाही. शिवाय खोलीत चार भिंती समोरासमोर असतात. एका भिंतीवर पडलेला उजेड तिचा रंग घेऊन समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत येतो. चारही भिंती एकमेकींचा रंग असा वाढवत राहतात. म्हणून कार्डावर अगदी फिकट वाटलेला गुलाबी खोलीभर लागला की सरबतासारखा चढतो. यावर बरेच रंगारी एक साधा उपाय सांगतात. कार्डावर जो रंग आवडला असेल, त्याच पट्टीतला एक पायरी फिकट घ्यावा. उपाय चांगला आहे, पण तोही खोलीत पाहूनच.

ही गोष्ट नवी नाही. इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी प्रकाश आणि दृष्टी यांवर ‘किताब अल-मनाझिर’ हा मोठा ग्रंथ लिहिला. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या उजेडाप्रमाणे वेगळा दिसतो, गडद रंगाची वस्तू मंद उजेडात काळपट वाटते आणि उजेड वाढला की तिचा खरा रंग उमलतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी नीट तपासून नोंदवले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मिशेल युजेन शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या प्रसिद्ध गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या लोकरीचा रंग उतरलेला दिसतो, अशी त्यांच्याकडे तक्रार आली. त्यांनी तपासले तर काळ्या रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिले. आपल्या भिंतीसाठी यातून दोन गोष्टी घ्यायच्या. उजेड बदलला की रंग बदलतो आणि शेजार बदलला तरी रंग बदलतो.

आधी खिडकी पाहा

रंगाचा विचार करण्याआधी खोलीत उजेड कुठून आणि कधी येतो ते पाहावे. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड सारखा, शांत आणि थोडा निळसर असतो. ऊन सहसा थेट येत नाही. आपल्याकडे याला एक अपवाद आहे. मुंबईच्या आसपास मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही थोडे ऊन येते. पण तेव्हा निम्मा काळ पाऊस असतो. पूर्वेच्या खोलीला सकाळी कोवळे ऊन मिळते आणि दुपारनंतर ती मंदावते. पश्चिमेची खोली सकाळी उदास असते आणि असरच्या सुमारास एकदम पिवळीधमक होते. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते.

खिडकीबाहेर काय आहे, तेही तितकेच महत्त्वाचे. फणस, आंबा किंवा नारळीची दाट सावली असेल तर आत येणारा उजेड हिरवट असतो आणि पावसाळ्यात तो अधिकच हिरवा होतो. समोर शेजाऱ्याची भगवी किंवा निळी भिंत असेल तर तिचा रंग न विचारता आपल्या खोलीत येतो. घरातली जमीनही यात भर घालते. लाल कोब्याच्या जमिनीवरून उठणारा उजेड भिंतीच्या खालच्या भागाला तांबूस करतो, तर करड्या शहाबादीवरून उठणारा उजेड थंड असतो.

उत्तरेच्या थंड उजेडात किंचित पिवळसर, बदामी झाक असलेले फिकट रंग सहसा बरे दिसतात. पश्चिमेच्या तापलेल्या खोलीला थोडा निळसर किंवा राखाडी झाकेचा फिकट रंग शांत करतो. याला नियम समजू नये. तुलनेसाठी कोणते रंग निवडावेत, याची ही फक्त सुरुवात आहे.

दिवा बदलला की भिंत बदलते

आपल्या बहुतेक घरांत मगरिबनंतर पांढऱ्या एलईडी ट्यूबचा उजेड असतो. तिच्या खोक्यावर ६००० किंवा ६५०० केल्व्हिन असा आकडा असतो. हा उजेड निळसर पांढरा. पिवळ्या, उबदार दिव्यावर २७०० किंवा ३००० लिहिलेले असते. ४००० चा दिवा या दोहोंच्या मधला. आस्मानी भिंत पांढऱ्या ट्यूबखाली आस्मानीच राहते, पण पिवळा दिवा लावला की ती मळकट, हिरवट-राखाडी दिसते. उलट क्रीम रंग पिवळ्या दिव्याखाली लोण्यासारखा होतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली बराच सौम्य राहतो.

म्हणून रंगाची परीक्षा चालू असताना खोलीत तोच दिवा असावा, जो रंगवल्यानंतर राहणार आहे. दिवा बदलायचा विचार असेल तर आधी दिवा बदलावा, मग रंग पाहावा.

आणखी एक आकडा उपयोगी पडतो. काही कंपन्या प्रत्येक शेडपुढे एल.आर.व्ही. नावाचा आकडा देतात. भिंतीवर पडलेल्या शंभर भाग उजेडातला किती भाग ती परत खोलीत पाठवते, हे त्यावरून कळते. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. बाजारातला चांगला पांढरा रंग साधारण ८० ते ९० च्या दरम्यान असतो. हा आकडा छोटा वाटला तरी त्याचा परिणाम मोठा आहे. ७० आकड्याच्या भिंतीवर उजेड एकदा आपटला की ७० भाग उरतो, दुसऱ्या भिंतीवर आपटला की ४९. भिंत ५० आकड्याची असेल तर पहिल्यांदा ५० आणि दुसऱ्यांदा फक्त २५. एकाच खिडकीच्या, आतल्या बाजूच्या खोलीत हा फरक भरदुपारी दिवा लावावा लागतो की नाही, एवढा असतो. तो दर महिन्याच्या वीजबिलातही दिसतो. अशा खोलीत ७० च्या आसपास किंवा त्याहून वरचा रंग पाहावा आणि छत पांढरेच ठेवावे.

चार रंग, एक खोली

हे सगळे प्रत्यक्षात कसे करायचे, ते आमच्या घरातल्या माजघरालगतच्या खोलीवरून सांगतो. खोली १२ बाय १० फुटांची, चिऱ्याच्या जुन्या घरातली. खिडकी एकच, उत्तरेला, तिच्याबाहेर फणस. या खोलीत अम्मींचा पलंग आहे. मुलीच्या अभ्यासाचे टेबलही इथेच आणि घरातल्या बायका नमाजही इथेच पढतात. पाहुणे इथे येत नाहीत. म्हणूनच गेल्या दोन रंगकामांत बैठकीला इमल्शन आणि या खोलीला चुना, असा हिशेब झाला होता. या वेळी मशवरा बसला तेव्हा ठरले की सुरुवात याच खोलीपासून करायची.

चार रंग पुढे आले. मुलाने मोबाइलवर पाहिलेला फिकट राखाडी सुचवला. मुलीला आस्मानी हवा होता. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पिस्त्याच्या बाजूने होते. रंगाऱ्याने हस्तिदंती सांगितला, कारण तो सगळीकडे चालतो.

दुकानातून चारही शेडच्या नमुन्याच्या लहान डब्या आणल्या. जुन्या भिंतीवर पट्टे मारले नाहीत, कारण जुना रंग शेजारी असला की नवा रंग फसवा दिसतो. गुलाबी भिंतीवर मारलेला साधा पांढराही हिरवट वाटतो. म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे चार तुकडे घेतले. प्रत्येकाला प्रायमर लावला, कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडून रंगाचे दोन हात दिले आणि रात्रभर वाळू दिले. वाळू देणे महत्त्वाचे. इमल्शन ओले असताना थोडे फिकट दिसते आणि वाळल्यावर किंचित गडद होते. चुन्याचे याच्या उलट असते. तो ओला असताना काही दिसत नाही आणि वाळता वाळता पांढरा होत जातो.

मग हे तुकडे दोन दिवस खोलीत फिरवले. आडवे ठेवून रंग पाहू नये, कारण भिंत उभी असते. तुकडे भिंतीला टेकवून उभे ठेवले. आधी खिडकीसमोर, मग खिडकीच्याच भिंतीवर, मग कोपऱ्यात. खिडकीची भिंत नेहमी सगळ्यांत काळोखी असते, म्हणून तिथे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. फजरनंतर, जोहरच्या वेळी, असरला आणि इशानंतर दिव्याखाली, असे दिवसातून चारदा पाहिले. नमाजच्या वेळा यासाठी सोयीच्या पडल्या. कोणाला वेगळी आठवण करून द्यावी लागली नाही.

निकाल असा लागला. राखाडी रंग मोबाइलच्या पडद्यावर फार छान होता. आमच्या खोलीत सकाळी तो बरा वाटला, ढग आले की निळसर थंड झाला आणि रात्री ट्यूबखाली नुसते सिमेंट केल्यासारखा दिसला. पिस्ता फणसाच्या हिरव्या उजेडात सापडला. दुपारी तो शेवाळी वाटला आणि त्या तुकड्याजवळ बसलेल्या माणसाचा चेहराही आजारी दिसू लागला. आस्मानी दिवसा खरोखर सुंदर होता. पण अम्मींच्या पलंगाशी पिवळा दिवा आहे, त्याखाली तो मळला. हस्तिदंती चारही वेळा ओळखू येण्याइतका तोच राहिला, फक्त पिवळ्या दिव्याखाली थोडा जास्त पिवळा झाला. मग त्याच पट्टीतला एक पायरी फिकट रंग पाहिला आणि तो सगळ्यांना पटला.

मुलीचा आस्मानी वाया गेला नाही. तिच्या टेबलावरच्या भिंतीतल्या कोनाड्याला तो आतून लावला. तिथे पांढरा दिवा आहे आणि रंग दिवस-रात्र तसाच दिसतो. ज्याची पसंती मागे पडते, त्याच्यासाठी घरात कुठे तरी जागा काढली की मशवऱ्यातली कटुता राहत नाही.

वयस्कर डोळ्यांना काय दिसते

या तुलनेत सगळ्यांत मोलाची गोष्ट अम्मींकडून कळली. त्यांना पिस्ता आणि आस्मानी हे दोन तुकडे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “हे दोन्ही एकच ना?”

यात नवल नव्हते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते. फिकट निळा आणि फिकट हिरवा यांतला फरक मग कळेनासा होतो आणि तेवढेच दिसण्यासाठी तरुण माणसापेक्षा जास्त उजेड लागतो. अम्मींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. एक डोळा झाकून पाहिले तर तोच तुकडा त्यांना पांढराशुभ्र दिसतो, दुसरा झाकला की पिवळट. कोणत्या छटेवरून घरात वाद चालला होता, त्याच्याशी त्यांना काहीच देणेघेणे नव्हते. त्यांची अडचण वेगळीच होती. रात्री मोरीकडे जाताना दाराची चौकट कुठे संपते आणि उंबरठा कुठे सुरू होतो, ते त्यांना दिसत नाही. भिंत पांढरी, चौकट पांढरी, स्विचबोर्ड पांढरा.

म्हणून भिंतीच्या रंगाइतकाच विचार चौकटीचा केला. चौकटीला आणि उंबरठ्याला गडद तपकिरी ऑइलपेंट लावला. स्विचबोर्डाभोवती दोन बोटांची तशीच पट्टी काढली. भिंतीच्या तळाशी चार इंचांची गडद पट्टी घेतली, त्यामुळे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळते. या सगळ्याला एक लिटरसुद्धा रंग लागला नाही. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, तिथे रंगांची तुलना करताना हा प्रश्न आधी विचारावा. फिकट आणि गडद यांतला फरक त्यांना दिसतो का? वयस्कर माणूस घरात पडला की त्या घराची घडीच बदलते. गुलाबी आणि आस्मानीचा वाद त्यापुढे काहीच नाही.

हिरवा, पांढरा आणि चकाकी

हिरव्या रंगाशी आपल्या मनाचे जुने नाते आहे. मशिदीचा घुमट, दर्ग्याची चादर, ईदच्या पताका या सगळ्यांत तो आहे. म्हणून घरालाही हिरवाच हवा, असे अनेकांना वाटते. ज्याला आवडतो त्याने अवश्य लावावा. पण घराच्या भिंतींना अमुकच रंग असावा, असे दीनचे बंधन नाही. खोलीचा उजेड आधीच हिरवट असेल तर भिंतीवरचा हिरवा त्यात बुडून जातो. उघड्या, भरपूर उन्हाच्या खोलीत तोच रंग डोळ्यांना थंडावा देतो. रंग तोच असतो, दोन घरांत त्याचे नशीब वेगळे.

पांढराही एक नसतो. आपल्या आजी-नानी चुन्यात चिमूटभर नीळ टाकत, कारण निळ्या छटेने चुन्याचा पिवळेपणा झाकला जातो आणि तो अधिक पांढरा वाटतो. आज डब्यातल्या पांढऱ्यातही निळी, पिवळी, गुलाबी, राखाडी झाक असते. दोन पांढरे तुकडे शेजारी ठेवले की ती लगेच कळते. म्हणून ‘पांढराच द्या’ असे सांगून मोकळे होऊ नये.

नमाजच्या वेळी समोर येणारी भिंत शक्यतो साधी आणि बिनचकाकीची ठेवावी. महाराष्ट्रात किबल्याची बाजू पश्चिमेला येते. समोरासमोर पूर्वेला खिडकी असेल तर चकचकीत रंगात तिचे प्रतिबिंब पडते आणि लक्ष तिकडे जाते. नक्षीचे स्टिकर आणि वेगळ्या रंगाची भडक भिंत यांची हौस असेल तर ती दुसऱ्या बाजूला भागवावी.

चकाकीचा हिशेब असा. बिनचकाकीचा मॅट रंग भिंतीचे उंचवटे झाकतो, पण डाग पुसताना घासला तर तिथे खूण राहते. थोडी चकाकी असलेला रंग ओल्या फडक्याने पुसता येतो, पण लांबीचे काम कच्चे असेल तर ते सगळे उघडे पाडतो. लहान मुलांची खोली, जिना आणि स्वयंपाकघर इथे धुता येणारा रंग बरा. जुन्या, ओबडधोबड भिंतींच्या खोलीत मॅट चांगला.

रंगाआधीची कामे

भिंतीला ओल असेल तर रंगांची तुलना करण्यात अर्थ नाही. पाण्याचे मूळ बंद केल्याशिवाय लावलेला महागडा रंगही पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतो. काळी बुरशी असेल तर ती आधी साफ करून भिंत पूर्ण वाळू द्यावी. नुसत्या रंगाखाली बुरशी झाकणे दम्याच्या माणसासाठी धोक्याचे आहे. नव्या गिलाव्यालाही रंगापूर्वी निदान चार आठवडे सुकू द्यावे.

जुन्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला हानी करते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून हे बंधन लागू आहे. नवा डबा घेताना त्यावर तसा उल्लेख आहे का ते पाहावे. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग कोरडा घासू देऊ नये. तो ओला करून घासावा आणि त्या दिवशी मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी त्या खोलीपासून दूर राहावे.

मग माप. आमच्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची ९ फूट, म्हणजे ३९६ चौरस फूट भिंत. दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की उरतात ३५९. दोन हातांसाठी ७१८ चौरस फूट. डब्यावर एका लिटरमध्ये एका हाताला १२० चौरस फूट लिहिले असेल तर सहा लिटर रंग लागतो. हा हिशेब घरीच करून जावे. जास्त आणलेला रंग माळ्यावर पडून सुकतो आणि कमी पडला तर दुसऱ्यांदा मशीनवर तयार केलेली शेड अगदी तीच येईल याची खात्री नसते. म्हणून एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी घ्यावा आणि एकापेक्षा जास्त डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावावा.

राहिली वेळ. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, ईद तोंडावर आली असताना रंगकाम काढणे ही आपल्या घरांची जुनी सवय आहे. त्यात रंगारी मिळत नाही, मिळाला तर घाई करतो. रोजाच्या तोंडी रंगाचा वास आणि रात्री इबादतीच्या वेळी घरभर पसारा होतो तो वेगळाच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. येत्या काही वर्षांत तो हिवाळ्यात येणार आहे आणि त्याआधीचे पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवस रंगकामाला उत्तम असतात. शाबानचा चांद दिसण्याआधी काम हातावेगळे केले तर ईदला घर ताजे असते आणि माणसेही थकलेली नसतात.

शेवटची सूचना लहान आहे. काम संपले की शेडचे नाव, नंबर, कंपनी आणि तारीख एका कागदावर लिहावी, बाटलीभर उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवावा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. दोन वर्षांनी पलंगाचा कोपरा भिंतीला घासतो किंवा नातू पेन्सिलीने ऊंट काढतो, तेव्हा त्या कागदाची आठवण होते.